दंतरोपण : प्रारंभीचे अपयश कसे टाळावे?

बियाणे उद्योगासाठी ख्यातनाम असलेल्या जालना जिल्ह्यातील शेतकऱ्यास मशागतीचे महत्त्व सांगावयास नको. दंतरोपणाचे, म्हणजेच इम्प्लांटचेही तसेच आहे. १९६५ साली स्वीडनमध्ये डॉ. ब्रॅनमार्क यांनी रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचा स्क्रू प्रथम बसविला. तो हाडाशी एकजीव होण्यास साधारणतः ३ ते ६ महिने लागतात. तत्पूर्वीच तो सैल झाल्यास रोपण फसते. धूम्रपानाने हाडाचा रक्तपुरवठा मंदावतो. अनियंत्रित मधुमेहात जखम भरण्यास विलंब लागतो. हिरड्यांचा जुना रोग, विरळ हाड, छिद्र पाडताना निर्माण होणारी उष्णता आणि चावण्याचा अकाली भार हीदेखील अपयशाची कारणे होत. म्हणून रोपणापूर्वी रक्तातील साखर तपासून घ्यावी, हिरड्यांवर उपचार करावेत आणि तंबाखूचे व्यसन दंतवैद्यापासून लपवू नये.