खापरपणजोबांची पलटण

मुलांनो, छत्रपती संभाजीनगर शहरातील छावणी हा भाग तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. हे नगर औरंगाबाद या नावाने ओळखले जात होते त्या काळी, म्हणजे शंभर-दीडशे वर्षांपूर्वी, येथे ‘हैदराबाद कंटिंजंट’ या फौजेच्या पलटणी राहत असत. फौज पोसावयाची निजामाच्या खर्चाने आणि हुकमत मात्र चालावयाची इंग्रज अधिकाऱ्यांची, असा तिचा चमत्कारिक प्रकार होता. जालना, हिंगोली आणि तेव्हा मोमिनाबाद म्हणविले जाणारे अंबेजोगाई येथेही तिची ठाणी होती.

मराठवाड्यात काय किंवा सातारा-रत्नागिरीकडे काय, पुष्कळ घरांत आजी एखादी हकीकत सांगते : “आपल्यातले एक जण पलटणीत होते. ते बसऱ्याला गेले, ते परत आलेच नाहीत.” पलटण कोणती, साल कोणते, पुढे त्यांचे काय झाले, हे विचारले तर आजी गप्प होते, कारण तिलाही तेवढेच ठाऊक असते. त्या एका वाक्यावरून त्या माणसाचा माग काढता येईल काय? पुष्कळदा येतो. मात्र त्यासाठी शोध कोठून सुरू करावयाचा, हे कळले पाहिजे.

तो लंडनपासून नव्हे, घरातल्या जुन्या ट्रंकेपासून सुरू करावा. तिच्या तळाशी एखादे रुपेरी पदक सापडले, तर त्यावरील राजाच्या मुखवट्याकडे पाहत बसू नका; पदकाची कड पाहा. पहिल्या महायुद्धानंतर वाटलेल्या पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ही बारीक अक्षरांत कोरलेली असतात. पदक काशाचे असेल, तर ते बहुधा मजूर-तुकडीतील माणसाचे असते. कारण बंदूक धरणाऱ्यास चांदी आणि ओझी वाहणाऱ्यास कासे, असा त्या सरकारचा हिशेब होता. (पदक चिंचेने किंवा राखेने घासून चकचकीत करण्याचा मोह आवरावा. त्या घासण्याने कोरलेली अक्षरे झिजतात आणि सर्वांत मोलाचा पुरावा आपल्याच हातांनी पुसला जातो.) निवृत्तिवेतनाचे पुस्तक किंवा नोकरीतून मुक्त केल्याचा दाखला मिळाला, तर भाग्यच म्हणावयाचे.

कागद काहीच नसेल, तर घरातील मुले कोठे जन्मली ते विचारावे. शिपाई बदलीच्या गावी जाई आणि त्याचे बिऱ्हाडही पुष्कळदा बरोबर असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. पण त्यांचा जन्म १८९१ साली मध्य भारतातील महू येथे झाला, कारण त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ त्या लष्करी छावणीत नोकरीस होते. जन्मगाव हाही अशा रीतीने नोकरीचाच दाखला ठरतो.

दुसरा प्रश्न पलटणीचा. येथे शोधणाऱ्याची फसगत होते, कारण पलटणींची नावे वेळोवेळी बदलत गेली आहेत. हैदराबाद कंटिंजंट १९०३ साली मोडून तिच्या सहा पायदळ पलटणींना ९४ ते ९९ असे क्रमांक मिळाले. त्यांत दख्खनी मुसलमान होते, तसेच उत्तरेकडून आलेले राजपूत आणि जाटही होते. १९२२ साली त्या सर्वांची मिळून ‘१९ वी हैदराबाद रेजिमेंट’ झाली आणि १९४५ साली त्या रेजिमेंटचे नाव पडले ‘कुमाऊँ’! म्हणजे छावणीतल्या एखाद्या शिपायाचा वंशज जर केवळ हैदराबादेतच चौकशी करू लागला, तर त्याची पायपीट व्यर्थ जाण्याचा संभव आहे. त्या पलटणींचा वारसा आज हिमालयाच्या कुशीतील रानीखेत येथे, कुमाऊँ रेजिमेंटच्या केंद्राकडे आहे. १९४७ साली काश्मीरमध्ये बडगाम येथे लढता लढता धारातीर्थी पडलेले मेजर सोमनाथ शर्मा हे परमवीर चक्राचे पहिले मानकरी. त्यांची चौथी कुमाऊँ ही मूळची याच कंटिंजंटमधील पलटण होय, हे आपल्याकडे फारच थोड्यांना ठाऊक असते.

घोडदळाचा मार्ग आणखी निराळा. ‘डेक्कन हॉर्स’चे स्वार १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या रणभूमीवर भाले सरसावून शत्रूवर तुटून पडले होते. आज हीच रेजिमेंट भारतीय सेनेत रणगाडे चालविते. निजामाची स्वतःची फौज याहून वेगळी होती. तिचे भालाईत इजिप्त व पॅलेस्टाईनकडे गेले होते आणि दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातील तीन पुतळ्यांपैकी एक पुतळा त्यांच्या नावाचा आहे. निजामशाहीची जुनी दप्तरे हैदराबादेत आहेत. त्यांतील पुष्कळशी फार्सी आणि उर्दू भाषांत असल्याने तेथे जाणकाराची सोबत हवी. पूर्वज मराठा पलटणीत असेल, तर बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्राकडे वळावे.

आता आजीच्या त्या बसऱ्याकडे येऊ. बसरा हे इराकमधील बंदर. पहिल्या महायुद्धात त्या प्रदेशाला मेसोपोटेमिया म्हणत. तेथील कुत-अल-अमारा या गावी तुर्कांनी इंग्रजांच्या फौजेला वेढा घातला. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तो चालला. आत अडकलेल्यांत १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी होत्या. अन्न संपले तेव्हा तोफा ओढणारी जनावरे कापून खाण्याची पाळी आली. अखेर सुमारे १३,००० माणसे शरण गेली आणि कैदेत, वाळवंटातील पायपिटीत, त्यांतील कित्येक मरण पावली. ज्यांच्या थडग्याचा पत्ता लागला नाही, अशा मेसोपोटेमियातील ४०,००० हून अधिक मृतांसाठी १९२९ साली बसऱ्याजवळ स्मारक उभारण्यात आले. १९९७ साली ते तेथून हलवून दूर वाळवंटात नेण्यात आले.

या स्मारकाची एक गोष्ट मात्र मनाला लागते. इंग्रज शिपायाचे नाव त्याच्या दगडावर कोरले गेले. भारतीयांपैकी नावे कोरली गेली ती केवळ अधिकाऱ्यांची. साध्या भारतीय शिपायांच्या वाट्याला पलटणीचे नाव आणि त्याखाली एक आकडा आला : इतके मेले. फ्रान्समधील नव्ह शापेल येथील स्मारकावर भारतीय शिपायांचीही नावे आहेत; तेव्हा कोरणे अशक्य होते, असे म्हणता येत नाही. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग नावाची जी संस्था ही स्मारके राखते, तिने २०२१ साली अहवाल प्रसिद्ध करून हा भेदभाव मान्य केला आणि क्षमा मागितली.

दगडावर नसलेली ती नावे आयोगाच्या नोंदवहीत आहेत, आणि त्या नोंदी आता संगणकावर विनामूल्य पाहता येतात. चांगली नोंद असेल, तर तीत क्रमांक, हुद्दा, पलटण, मृत्यूची तारीख, वडिलांचे नाव आणि गाव मिळते. शिपायांबरोबर पखाली, आचारी, खेचरवाले अशा माणसांच्याही नोंदी तीत आढळतात. शोधताना एकाच अक्षररचनेवर विसंबू नये. इंग्रजी कारकुनाने कानाला ऐकू आले तसे लिहिले आहे. ‘पवार’ कोठे ‘पोवार’ झाला आहे, तर कोठे ‘पुवार’. एकाच नावाचे दहा गणपत शिंदे निघाले, तर आपला कोणता? येथे वडिलांचे नाव कामास येते. आपल्या रीतीप्रमाणे ते माणसाच्या नावातच असते, हा आपल्याला मोठाच फायदा आहे.

मृत्यूची तारीख मिळाल्यावर त्या पलटणीची युद्धदैनंदिनी पाहावी. प्रत्येक पलटणीचा अधिकारी ती रोज लिहीत असे. लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यात अशा दैनंदिन्यांचा मोठा साठा आहे. तीतही अधिकाऱ्याचे नाव येते आणि शिपायांचे बहुधा ‘दोन ठार, पाच जखमी’ एवढेच. तथापि त्या दिवशी पाऊस होता की उकाडा, पलटण कोठून कोठे गेली, हे तीत सापडते, आणि त्या दोघांपैकी एक कोण, हे आता तुम्हांला ठाऊक असते.

नोंदवहीत गावाची जागा पुष्कळदा रिकामी दिसते, वडिलांचे नाव चुकलेले असते. अशा वेळी आयोगाला पत्र लिहिता येते. पुरावा पटला तर आयोग नोंद दुरुस्त करतो. तो पुरावा म्हणजे ट्रंकेच्या तळाशी असलेले पदक, पिवळे पडलेले निवृत्तिवेतनाचे पुस्तक किंवा पलटणीतून आलेले एखादे कार्ड.