पावसाचा थेंब, हवेचा रोध आणि शेतातील माती

वाटेत हवा नसती, तर एक किलोमीटर उंचीवरील ढगातून सुटलेला पावसाचा थेंब ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळला असता. प्रत्यक्षात मोठा, पाच मिलिमीटर व्यासाचा थेंबही ताशी सुमारे ३२ किलोमीटर वेगानेच खाली येतो. हा फरक हवेच्या रोधामुळे पडतो.

जड वस्तू हलक्या वस्तूपेक्षा वेगाने पडते, हे ॲरिस्टॉटलचे मत शतकानुशतके प्रमाण मानले जात होते. गॅलिलिओने उतरत्या फळीवरून गोळे सोडून केलेल्या प्रयोगांनी ते मागे पडले. हवेचा अडथळा नसेल, तर सर्व वस्तू सारख्याच त्वरणाने खाली येतात. १९७१ साली अपोलो-१५ मोहिमेतील डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा आणि पक्ष्याचे पीस एकाच वेळी सोडले; तेथे हवा नसल्याने दोन्ही बरोबरच खाली पोहोचली. वर्गात कागदाचे दोन सारखे तुकडे घेऊन त्यांपैकी एकाचा बोळा करावा व दोन्ही एकदम सोडावेत. वजन तेच असूनही बोळा आधी पडतो. पसरट कागदाला हवेचा रोध अधिक होतो, हे विद्यार्थ्यांच्या सहज ध्यानात येते.

पडणाऱ्या वस्तूचा वेग वाढतो, तसा हवेचा रोधही वाढत जातो. हा रोध वजनाइतका झाला, की वेग वाढण्याचे थांबते. या स्थिर वेगास ‘अंतिम वेग’ म्हणतात. थेंबाचा व्यास दुप्पट झाला, तर त्याचे वजन आठपट होते. हवेला सामोरे जाणारे क्षेत्र मात्र चौपटच वाढते. म्हणून मोठा थेंब अधिक वेगाने पडतो. एक मिलिमीटरच्या थेंबाचा अंतिम वेग सेकंदाला सुमारे ४ मीटर, तर पाच मिलिमीटरच्या थेंबाचा सुमारे ९ मीटर असतो. वजन व वेग दोन्ही जमेस धरता, मोठ्या थेंबाच्या आघाताची ऊर्जा लहान थेंबाच्या सहाशे पटींहून अधिक भरते.

उघड्या शेतावर हा आघात झाला, की मातीची ढेकळे फुटतात आणि बारीक कण उडून मातीची छिद्रे बुजवितात. वर पापुद्रा धरतो, पाणी मुरत नाही आणि वाहताना माती घेऊन जाते. बांध वाहते पाणी अडवितो. थेंबाचा मारा तो अडवू शकत नाही. ते काम आच्छादनाचेच.

उंच झाडांमुळेही हा प्रश्न पूर्णतः सुटत नाही. पानांवर साचलेले पाणी मोठ्या थेंबांच्या रूपाने गळते आणि आठ-दहा मीटर खाली येईपर्यंत त्या थेंबांना बहुतांश वेग पुन्हा प्राप्त होतो. झाडाखालची जमीन पालापाचोळा झाडून स्वच्छ केलेली असेल, तर तेथेही धूप होते. जमिनीलगत वाढणारे गवत, पसरणारी पिके, पाचट, भुसा, पालापाचोळा यांवर पडलेला थेंब मात्र तेथेच फुटतो आणि पाणी हळूहळू मुरते.

म्हणून वृक्षलागवड व बांधबंदिस्तीची कामे पाहताना झाडाखाली आणि बांधाच्या आत जमीन झाकलेली आहे किंवा नाही, हेही ग्रामपंचायतींनी पाहणे अगत्याचे आहे. हवा थेंबाचा वेग रोखते. उरलेला आघात रोखण्याचे काम माणसाचे आहे.