नेटचा प्लॅन वाढवण्याआधी

धरमपेठेतल्या सीए कार्यालयात २० तारीख जवळ आली की ‘नेट स्लो आहे’ ही ओरड ठरलेली. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांची जीएसटीआर-३बीची ती शेवटची तारीख असते आणि त्या दिवशी बरेचदा पोर्टलच दमलेले असते. तेव्हा आपण प्लॅनचा निर्णय त्या दिवशी घेऊ नये.

१. आधी मोजा. इतर उपकरणे बंद करून एक लॅपटॉप लॅन वायरने थेट राउटरला जोडा. तीन दिवस सकाळ, दुपार, संध्याकाळ डाउनलोड आणि अपलोडची गती लिहून ठेवा. ८ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर फाइल सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट वेगाने उतरते. ही फसवणूक नव्हे.

२. वायरवर पूर्ण गती, टेबलावर मात्र रखडते? मग दोष कार्यालयातच आहे. जुन्या राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसच्या पुढे जात नाहीत. तिथे २०० चा प्लॅन म्हणजे पैसे पाण्यात. वाय-फायचा ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा वेगवान, पण भिंतीपलीकडे क्षीण होतो, २.४ चा लांब पोहोचतो, पण संथ असतो. आणि नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे जात असताना, राउटर बंद कपाटात इन्व्हर्टरशेजारी कोंडू नका.

३. वायरवरच गती कमी असेल, तर कंपनीकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. समाधान झाले नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते.

४. गती पूर्ण मिळूनही अपुरी पडते, तेव्हाच प्लॅन वाढवा, आणि तोही अपलोड पाहून. एका चांगल्या व्हिडिओ कॉलला दोन्ही दिशांना सुमारे ३ ते ४ एमबीपीएस लागतात. आठ जण एकाच वेळी बोलत असतील, तर ३० धरा. क्लाउड बॅकअप रात्री लावा.

५. नेट संथ नसून वारंवार तुटते? रस्ता खोदला आणि केबल तुटली, हे आपल्याकडे नवीन नाही. अशा वेळी मोठ्या प्लॅनपेक्षा दुसऱ्या कंपनीचे, शक्यतो बिनतारी, स्वस्त जोड कनेक्शन उपयोगी. राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही यूपीएसवर ठेवा.

६. गतीची लेखी हमी हवी असेल किंवा कार्यालयात स्वतःचा सर्व्हर असेल, तरच लीज्ड लाइनचा, म्हणजे फक्त आपल्यासाठी राखलेल्या जोडणीचा, विचार करा. ती बरीच महाग पडते.

नवा प्लॅन आधी महिनाभरासाठीच घ्या. बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो. आपला जीएसटी क्रमांक त्यावर नोंदवून घ्या, म्हणजे करपात्र व्यवसायाला त्याची वजावट मिळते.