जुन्या बोडीत मत्स्यबीजाचे सुरक्षित स्थानांतर

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत माजी मालगुजारी तलावांबरोबरच शेतकऱ्यांच्या खासगी बोड्याही पुष्कळ आहेत. धानाला पाणी देण्यासाठी खोदलेली एखादी जुनी बोडी विकत किंवा भाड्याने घ्यावी व तीत मासे वाढवावेत, असा विचार अनेक शेतकरी करतात. विचार उत्तम आहे. परंतु पुष्कळदा बीज सोडल्यानंतर दुसऱ्याच सकाळी ते मरून काठाला लागलेले आढळते. शेतकरी बीजाला दोष देतो. वास्तविक अशा वेळी दोष बहुधा बीजाचा नसून घाईचा असतो. आधी पाणी तयार करावे, मगच मासे आणावेत, हा या धंद्यातील पहिला नियम होय.

आधी चौकशी

बोडी ताब्यात घेताना तिच्या पूर्वीच्या मालकाकडून तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. पाणी किती महिने टिकते? वरच्या बांध्यांतील कीटकनाशकयुक्त पाणी तीत उतरते काय? तीत मरळ, मांगूर यांसारखे भक्षक मासे आहेत काय? भक्षक मासे राहिल्यास सोडलेले बीज म्हणजे त्यांना आयते खाद्यच होते.

बोडीची तयारी

उन्हाळ्यात बोडी आटत असेल तर ती पूर्ण आटू द्यावी. तळाला भेगा पडेपर्यंत ऊन लागले, की भक्षक मासे व रोगजंतू यांचा बराचसा नाश होतो. जादा गाळ काढून शेतात पसरावा. बांधाची बिळे बुजवावीत. १० आर क्षेत्राच्या बोडीस २० ते २५ किलो चुना तळावर सारखा फेकावा. पाणी येण्याच्या व जाण्याच्या वाटेवर बारीक जाळी बसवावी.

बोडी आटत नसेल तर वारंवार जाळे ओढून भक्षक मासे काढावेत. तेवढ्याने भागले नाही, तरच मोहाची पेंड वापरावी. सरासरी १ मीटर खोल पाणी असलेल्या १० आर बोडीस सुमारे २५० किलो पेंड लागते. तिचा विषारी परिणाम साधारणपणे तीन आठवडे टिकतो. त्या काळात गुरांना त्या पाण्यावर जाऊ देऊ नये. ही पेंड बंदिस्त खासगी बोडीतच वापरावी. सामाईक तलावातील स्थानिक मासे हे अनेक ढीवर कुटुंबांचे अन्न व उत्पन्न असल्याने तेथे तिचा वापर मुळीच करू नये.

बोडी भरल्यावर, चुना टाकून एक आठवडा झाला असल्यास, सुमारे २०० किलो शेण घालावे. पेंड वापरली असेल तर तीच पुढे खताचे काम करते. तेव्हा शेणाचा हा पहिला हप्ता देऊ नये.

पाण्याची परीक्षा

काही दिवसांत पाण्यास हिरवट किंवा तपकिरी छटा येते. हे सूक्ष्म जीवच माशांचे नैसर्गिक खाद्य होय. हात कोपरापर्यंत पाण्यात उभा बुडवावा. त्या खोलीवर तळहात दिसेनासा होऊ लागला, तर खाद्य पुरेसे आहे असे समजावे. त्यापूर्वीच तो दिसेनासा झाल्यास खत थांबवावे. शेवटी मच्छरदाणीच्या कापडाचा हापा बांधून त्यात पंधरा-वीस मासे एक दिवस ठेवावेत. ते तरतरीत राहिले, तरच उरलेले मासे आणावेत.

मासे हलविणे

पूर्वी बीज नद्यांतून गोळा केले जाई व त्यात नको असलेले मासेही मिसळलेले असत. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी व के. एच. अलिकुन्ही यांनी ओडिशात कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. तेव्हापासून शुद्ध बीज मिळण्याचा मार्ग खुला झाला. म्हणून बीज खात्रीच्या केंद्रातूनच घ्यावे.

घराजवळच्या लहान खड्ड्यात वाढविलेली बोटुकली मोठ्या बोडीत न्यावयाची असल्यास आदल्या दिवशी खाद्य बंद करावे. पोट रिकामे असले म्हणजे वाटेत पाणी घाण होत नाही. मऊ जाळ्याने पहाटे मासे धरावेत व खड्ड्यातीलच पाणी भरलेल्या बादल्यांतून थोडे थोडे न्यावेत. लांबून आणावयाचे बीज प्लास्टिकच्या पिशव्यांतून आणतात. त्यांत एक तृतीयांश पाणी व उरलेल्या भागात प्राणवायू असतो.

काठावरचा अर्धा तास

पिशवी बंद ठेवूनच १५ ते २० मिनिटे बोडीच्या पाण्यावर सावलीत तरंगू द्यावी, म्हणजे दोन्ही पाण्यांचे तापमान सारखे होते. प्रवासात पिशवीतील पाण्यात अमोनिया व कार्बन डायऑक्साइड साठलेले असतात. तोंड उघडताच कार्बन डायऑक्साइड निघून जाऊ लागतो, पाण्याचा सामू चढतो व अमोनिया अधिक घातक बनतो. म्हणून उघडलेली पिशवी तशीच ठेवू नये. लगेच बोडीचे पाणी थोडे थोडे मिसळू लागावे व दहा मिनिटांत पिशवी हळूच आडवी करावी. मासे आपण होऊन बाहेर पडू द्यावेत; उंचावरून ओतू नयेत.

१० आर बोडीस ५०० बोटुकली पुरेत : कटला २००, रोहू १५० व मृगळ १५०. कटला पृष्ठभागावर, रोहू मधल्या थरात व मृगळ तळाशी चरत असल्याने खाद्यासाठी चढाओढ कमी होते. यापेक्षा दाटी केल्यास उत्पन्न वाढत नाही, मासे खुरटतात.

पुढील आठवडाभर रोज पहाटे बोडीवर जावे. मासे पृष्ठभागावर तोंड उघडून हवा घेताना दिसल्यास खत व खाद्य थांबवून ताजे पाणी सोडावे. ग्रामकार्यकर्त्यांनी बीज वाटपाच्या दिवशी केवळ नोंद करून न परतता, काठावरचा हा अर्धा तास शेतकऱ्याबरोबर घालवावा. त्या अर्ध्या तासावरच त्याच्या वर्षभराच्या श्रमाचे फळ अवलंबून असते.