आषाढ पौर्णिमेआधी पायऱ्या घासून घ्या

वर्षावास आषाढ पौर्णिमेला सुरू होतो आणि आश्विन पौर्णिमेला संपतो. आपल्या मालवण किनाऱ्यावर नेमके हेच महिने सर्वांत निसरडे. वाडीतल्या विहारात संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन सुरू होते, तेव्हा सर्वांत आधी येऊन बसतात ती साठी-सत्तरी ओलांडलेली माणसे. पाखाडी उतरून, एका हातात छत्री, दुसऱ्या हाताने पांढऱ्या साडीच्या निऱ्या सावरत. परतताना काळोख झालेला असतो, आणि वारा सुटला की वीजही गेलेली असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मरतात. अपघाती मृत्यूंत रस्ते अपघातांखालोखाल याच कारणाचा क्रमांक लागतो, आणि जीव जाण्याचा धोका साठीपुढच्यांना सर्वाधिक. तरीही आपण ‘वय झाले, पडायचेच’ म्हणून विषय सोडून देतो. काही घरांत अजून कुजबुज होते, तिन्हीसांजेला अमुक ठिकाणी पडली म्हणजे काहीतरी लागले असणार, गाऱ्हाणे घालून बघू. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात ही भाषा ऐकली की वाईट वाटते. कारणाशिवाय काही घडत नाही हे आपल्याला धम्माने शिकवले. पडण्याचे कारण बहुधा पायाखाली, डोळ्यांत किंवा गोळ्यांच्या डबीत सापडते.

पायाखालचे आधी पाहू. आपल्या पायऱ्या जांभ्याच्या. हा दगड सच्छिद्र असल्याने पाणी धरून ठेवतो, आणि पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरायला वेळ लागत नाही. एकदा घासून भागत नाही, पाऊस असेपर्यंत दर पंधरा दिवसांनी ब्लीचिंग पावडर टाकून ताठ ब्रशने घासावे लागते. ही पावडर संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. न्हाणीतली साबण-तेलाने बुळबुळीत झालेली फरशीही रोज घासावी. विहाराच्या कमानीसाठी मुंबईहून वर्गणी येते, ती यावीच. पण पायऱ्यांना लोखंडी पाइपचा कठडा बसवायलाही थोडी यावी, असे आमचे मत आहे. त्याला कमानीच्या मानाने खर्च काहीच नाही. आणि टाच झिजलेली हवाई चप्पल फेकून द्या. मागे पट्टा असलेली, तळाला खाचा असलेली पावसाळी सँडल घ्या.

आता गोळ्यांची डबी. रक्तदाबाच्या, लघवी जास्त होण्याच्या, झोपेच्या आणि पुरुषांना प्रोस्टेटसाठी दिलेल्या काही गोळ्यांनी उठताना रक्तदाब एकदम खाली येऊन डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. वंदनेला बराच वेळ मांडी घालून बसल्यावर झटकन उठणारी आजी याच कारणाने भिंतीला धरते. उठण्याआधी पावले वर-खाली हलवावीत, आधी गुडघ्यावर यावे, क्षणभर थांबावे, मग उभे राहावे. खुर्चीवर बसून केलेली वंदना कमी दर्जाची होत नाही. विहारात चार-पाच खुर्च्या कायम ठेवा. गोळ्या मात्र मनाने बंद करू नका. सगळी पाकिटे पिशवीत घालून प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या आणि विचारा, चक्कर यातल्या कशाने येते, लघवीची गोळी सकाळी घेतली तर चालेल का. रात्री उठावे लागणे हा मोठा धोका आहे, कारण बऱ्याच घरांत संडास अजून खळ्यापलीकडे आहे. उशाशी बॅटरी आणि पावसाळ्यात खोलीतच झाकणाचे भांडे ठेवण्यात लाज कसली?

मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात मोफत होते. वरून लांबचे आणि खालून जवळचे दिसणारा चष्मा असेल, तर पायरी उतरताना खालच्या भिंगातून पायरी अंधुक दिसते. मान खाली घालून वरच्या भिंगातून पाहावे. आणि दारू. पाचवे शील आपण रोज म्हणतो, तेव्हा जास्त लिहीत नाही.

काठीबद्दल मात्र लिहायलाच हवे. काठी घेतली की माणूस म्हातारा ठरतो, या समजापायी अनेक बाबा भिंती धरत चालतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षेच्या वेळी बाबासाहेब पासष्ट वर्षांचे होते, त्यांच्या हातात काठी होती आणि ते नानकचंद रत्तूंच्या खांद्याचा आधार घेत होते. मग आपल्याला कमीपणा का वाटावा? काठी मनगटाच्या उंचीची असावी आणि तिच्या टोकाला रबर असावे. पासष्ट वर्षे पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्यांसाठी २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आली. तीत काठी, चष्मा, वॉकर, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकदाच ३ हजार रुपये मिळतात. चौकशी समाज कल्याण कार्यालयात करावी.

एक चूक मुंबईतली मुले प्रेमापोटी करतात. आई एकदा घसरली की फोनवर सांगतात, ‘आये, खंय जाव नको, घरातच बस.’ आई बसते. दोन-तीन महिन्यांत मांड्यांतले बळ जाते, तोल आणखी बिघडतो आणि पुढचे पडणे घरातच होते. जगभरच्या शंभराहून अधिक चाचण्यांचा एकत्र अभ्यास सांगतो की, बळ आणि तोल वाढवणाऱ्या नियमित व्यायामाने पडण्याचे प्रमाण जवळपास चौथ्या हिश्श्याने घटते. व्यायाम साधा आहे. खुर्चीवरून शक्यतो हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. खिडकीचा गज धरून एका पायावर दहा आकडे मोजेपर्यंत उभे राहा. भिंतीजवळून, एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावत चाला. चंक्रमण माहीत असलेल्यांना हे नवे वाटणार नाही. आधी एक परीक्षा घ्या: खुर्चीवरून उठून तीन मीटर चालायचे, वळून परत येऊन बसायचे. बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असे समजून डॉक्टरांना दाखवा.

पडल्याचे लपवू नये, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना प्रेमाने सांगा. ओरडा बसेल किंवा मुलाला खर्च पडेल म्हणून लपवतात. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, तर बरे वाटत असले तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा. पडल्यानंतर पायावर भार देता येत नसेल, पाय आखूड वाटत असेल आणि पाऊल बाहेर वळले असेल, तर खुब्याचे हाड मोडलेले असू शकते. अशा वेळी मालीश नको, हाडवैद्याकडे नेऊन ओढून घेणे तर नकोच. खुब्याची शस्त्रक्रिया शक्यतो दोन दिवसांत व्हावी लागते, आणि मालीशीत नेमके तेच दोन दिवस जातात. १०८ ला फोन करा. गाडी वाडीपर्यंत येत नसेल तर माणसाला पाठुंगळी किंवा खुर्चीत बसवून नेऊ नका. दोन पायांच्या मध्ये उशी ठेवून ते चादरीने एकत्र बांधा, आणि फळीवर किंवा बाजेवर आडवे ठेवूनच चौघांनी रस्त्यापर्यंत आणा.