पोटातला जंतू आणि रक्तातली साखर

वाड्यावस्त्यांवर "पित्त झालंय" ही तक्रार आपण रोज ऐकतो. बाई सोडा पिते, नाहीतर दुकानातली गोळी घेते आणि कामाला लागते. वर्षानुवर्षे चालणाऱ्या अशा जळजळीमागे पुष्कळदा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असतो. १९८२ साली ऑस्ट्रेलियात रॉबिन वॉरेन व बॅरी मार्शल यांनी तो शोधला. कोणाला पटेना, तेव्हा मार्शल यांनी १९८४ मध्ये तो स्वतःच पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला! २००५ चे नोबेल दोघांना मिळाले.

मधुमेहाशी त्याचा संबंध काय? कॅलिफोर्नियात साठीपुढच्या ७८२ लॅटिन-अमेरिकी स्त्री-पुरुषांना दहा वर्षे पाहिले गेले. ज्यांच्या रक्तात या जंतूची खूण होती, त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे अडीच-पावणेतीन पट निघाले (२०१२). जठरातला सततचा दाह इन्शुलिनचे काम अडवतो, भुकेची संप्रेरके बिघडतात, असा तर्क आहे. पण संबंध दिसला म्हणजे कारण सापडले असे नाही. जंतू मारला की साखर जाईल, असे कोणालाही सांगू नका. साखरेची गोळी तर मुळीच बंद करायला लावू नका.

हा जंतू बहुधा लहानपणीच शिरतो: घाण पाण्यातून, न धुतलेल्या हातांतून, चावून भरवलेल्या घासातून. उपचार केले नाहीत तर तो जन्मभर राहतो. इथे हिवरे बाजार आठवते. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. गावाने श्रमदानाने पाणी अडवले, शेतीसाठी बोअर घेणे बंद केले, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली. पाणी असले तर हात धुवायला सांगता येते. हंडाभर पाण्यात घर चालवणाऱ्या आईला ते काय सांगणार? तरी १९७२ च्या दुष्काळात सात-आठ वर्षांचे असलेले मूल आज साठीला पोचले आहे. त्याच्या पोटातला जंतू आजच्या नळाने जाणार नाही. नळ नातवंडांच्या कामाचा.

आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावच्या बायकांनाच आरोग्यसेविका केले. तसेच आपल्यालाही विचारता येईल: पित्त किती दिवसांचे? अंगदुखीच्या गोळ्या रोज घेता का? शौच डांबरासारखे काळे होते का? काळे असेल तर त्याच दिवशी दवाखाना. इतरांना डॉक्टर श्वासाची किंवा शौचाची तपासणी सांगतील. त्याआधी पित्ताच्या गोळ्या दोन आठवडे बंद ठेवाव्या लागतात, पण ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. औषधे बहुधा चौदा दिवसांची. चौथ्या दिवशी बरे वाटते आणि पुडी फळीवर जाते, तेव्हा त्या घरी पुन्हा एक चक्कर हवीच.

आणखी एक. मेटफॉर्मिन पुष्कळ वर्षे घेतल्याने बी-१२ कमी पडू शकते, या जंतूनेही पडते. दोन्ही असलेल्या रुग्णाचे पाय मुंग्यांनी भरत असतील, तर नुसते "साखरेमुळेच" म्हणून सोडू नका. बी-१२ तपासायला सांगा.