वकील संघाचा पत्रव्यवहार

चि. भाच्यास,


तालुक्याच्या वकील संघात पत्रव्यवहार सचिवाकडे असतो. संघ एकोप्याने चालतो की गटातटांत वाटला जातो, हे बऱ्याच अंशी त्या पत्रव्यवहारावर ठरते. उदाहरणच घ्यायचे तर, शिरूर आणि दौंड हे भीमेच्या दोन तीरांवरचे शेजारी तालुके. दोन्हीकडे न्यायालय आहे, वकिलांची बाररूम आहे. पण बाररूमच्या फलकावर कागद लावला म्हणजे सूचना पोहोचली असे होत नाही. शिरूरचे वकील कामानिमित्त पुण्यात शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात गेलेले असतात. शिक्रापूर किंवा मांडवगण फराट्याचा सभासद तारीख नसेल तर शिरूरला येतोच असे नाही. दौंडकडे यवत, केडगाव, पाटस, कुरकुंभ येथल्या सभासदांचेही तसेच. म्हणून सर्वांचे ई-मेल पत्ते एका यादीत घेऊन सूचना एकाच वेळी पाठवणे हा न्याय्य मार्ग. बातमी कोणाला आधी कळली आणि कोणाला कळलीच नाही, यावरून लहान संघात मने फार दुखावतात.

न्यायाधीश रजेवर आहेत, शोकसभा किती वाजता आहे, असे तातडीचे निरोप व्हॉट्सॲपवर ठीक. सभेची सूचना, विषयपत्रिका, इतिवृत्त आणि हिशेब मात्र ई-मेलने जावेत. लेखी असावी असे कायदा सांगतो ती गोष्ट इलेक्ट्रॉनिक स्वरूपात असली आणि पुढे पाहता येण्याजोगी राहिली तर चालते, असे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ४ सांगते. तरीही संघाच्या घटनेत टपालाने किंवा सही घेऊन सूचना देण्याचा नियम असेल, तर तोही पाळावा लागतो. संघ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेला असेल, तर पदाधिकारी बदलल्यावर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ खाली ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. त्या अर्जाला हरकत आली, तर सभेची सूचना सर्वांना मिळाली होती का, हा प्रश्न हमखास निघतो. त्या वेळी तारीखवार जपलेली ई-मेल कामाला येते.

सर्वाधिक जपायचे ते पक्षकाराचे गुपित. तालुक्याच्या संघात वादीचा वकील आणि प्रतिवादीचा वकील एकाच यादीत असतात. भावाभावांच्या वाटपाच्या दाव्यात एखाद्या तरुण वकिलाने कायद्याची शंका विचारताना गट नंबर, गावाचे नाव किंवा तडजोडीचा आकडा लिहिला, तर समोरच्या बाजूला सगळे आयते कळते. नाव गाळूनही उपयोग नसतो; न्हावऱ्याच्या एका वाटपाची हकिगत चार ओळींत ओळखू येते. वकील आणि पक्षकार यांच्यातील बोलण्याला भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ चे संरक्षण आहे, आणि ते जपणे वकिलाचे कर्तव्य आहे. म्हणून शंका विचारायची ती केवळ कायद्याच्या मुद्द्याची. कागदपत्र जोडायचे नाही. ‘सर्वांना उत्तर’ हे बटण दाबण्यापूर्वी उत्तर खरोखर सर्वांसाठी आहे का, हे पाहावे. ज्येष्ठ वकिलाची चूक दाखवायची असेल, तर ती त्यांना एकट्यांना कळवावी.

संघाच्या नावाने कोण लिहिणार, हेही ठरलेले हवे. ‘उद्या कामकाज बंद’ असा निरोप कोणीही धाडता कामा नये. वकिलांना संपाचा किंवा बहिष्काराचा अधिकार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने हरीश उप्पल प्रकरणात १७ डिसेंबर २००२ रोजी दिला. अगदी अपवादात्मक प्रसंगी एका दिवसापुरता निषेध तेवढा दुर्लक्षित करता येईल, असे त्याच निर्णयात म्हटले. उतावीळपणे पाठवलेल्या एका ओळीची किंमत मात्र दुरून तारखेसाठी आलेला शेतकरी मोजतो. त्यामुळे असा मजकूर रीतसर ठरावानंतर, अध्यक्ष आणि सचिव या दोघांच्याच नावाने जावा.

ई-मेल खाते संघाच्या नावाचे असावे, सचिवाचे खासगी नसावे. पदभार देताना शिक्का आणि दप्तराबरोबर पासवर्डही सोपवावा, आणि नव्या सचिवाने तो लगेच बदलावा. याहू ग्रुप्स ही ई-मेल गटांची सेवा १५ डिसेंबर २०२० रोजी बंद झाली. इतिवृत्ते केवळ अशा एका सेवेच्या भरवशावर ठेवू नयेत. प्रत्येक सूचना आणि प्रत्येक इतिवृत्त छापून, सही करून, वर्षवार फाइलला लावावे.

तुझा,
मामा